घारापुरीच्या जगण्यावर चित्रं काढायची असतील तर कुठून सुरुवात करावी

चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या दोन-तीन मुलांनी गेल्या काही महिन्यांत मला एकच प्रश्न विचारला: "घारापुरीच्या लोकांवर काम करायचंय, कसं करू?" प्रत्येकाला फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढावं, म्हणून हा लेख.

मी 14 महिन्यांत तिथे 22 फेऱ्या केल्या. त्यातल्या पहिल्या पाच जवळजवळ वाया गेल्या, आणि त्या वाया जाण्याची सगळी कारणं टाळता येण्यासारखी होती. शेवटी हाती आली 31 चित्रं, थोडं ध्वनिमुद्रण आणि तीन वह्या. त्या वह्या माझ्या नाहीत. त्यांच्याबद्दल पुढे सविस्तर सांगते, कारण मला जे सांगायचं आहे ते खरं तिथेच आहे.

नवख्यांसाठी एवढं आधी सांगते. घारापुरी रायगड जिल्ह्यातल्या उरण तालुक्यात येते. गेटवेवरून लाँचने साधारण तासभर लागतो. बेटावर शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशा तीन वस्त्या आहेत, मिळून हजाराच्या आसपास माणसं, बहुतेक आगरी आणि कोळी. लेण्यांना 1987 पासून जागतिक वारशाचा दर्जा आहे, त्यामुळे वर्षभर माणसांचा लोंढा येतो, आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक जण संध्याकाळच्या शेवटच्या लाँचने परत जातो. पर्यटकांना रात्री बेटावर थांबायची मुभा नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, तुमच्या कामाची सगळी मांडणी यावर अवलंबून राहणार आहे.

1. पहिली फेरी भायखळ्याला

लाँचचं तिकीट काढण्याआधी भायखळ्याच्या राणीच्या बागेत जा. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर एक दगडी हत्ती उभा आहे. हाच घारापुरीचा हत्ती. पोर्तुगीजांनी यालाच पाहून बेटाला 'एलिफंटा' म्हटलं. 1864 मध्ये इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचा घाट घातला, उचलताना तो फुटला, तुकडे मुंबईत आले आणि 1914 मध्ये ते पुन्हा जोडून उभे केले गेले. त्याच्या अंगावरचे सांधे आजही दिसतात.

त्याच्यासमोर तासभर बसा आणि फक्त सांधे काढा. जगात ज्या वस्तूच्या नावाने बेट ओळखलं जातं ती वस्तूच बेटावर नाही, हे हाताला कळलं की पुढचे कितीतरी निर्णय सोपे जातात. शेतबंदरातल्या एका काकांना मी हे रेखाटन दाखवलं होतं. ते म्हणाले, "हा आमचाच, पण आम्हाला बघायला तिकडं यावं लागतं." मी पहिलं प्रदर्शन कुठे करायचं हे त्याच दिवशी ठरलं.

2. लेणी मन लावून बघा, मग दुसरी वाट धरा

लेणी टाळू नका. सदाशिवाच्या त्या तीन मुखांसमोर उभं राहून काही वाटलं नाही असं मला अजून झालेलं नाही. पण एक पूर्ण दिवस फक्त त्यांना द्या आणि तो हिशेब मिटवून टाका. नाहीतर प्रत्येक फेरीत पाय आपोआप पायऱ्या चढायला लागतात, आणि चार महिन्यांनी वहीत नटराज, अर्धनारीश्वर आणि गंगाधर सोडून काही नसतं. माझी पहिली वही अशीच भरली.

दुसऱ्या फेरीपासून पायऱ्यांच्या सुरुवातीलाच थांबा. दोन्ही बाजूंना दुकानं आहेत. काकडी, कैरी, सरबत, कणसं, माळा, दगडी मूर्ती. इथूनच वस्त्यांकडे वाटा फुटतात. कोणालाही "राजबंदरला कसं जायचं?" विचारा. विचारणारा पाहुणा विरळा असतो, त्यामुळे उलट प्रश्न येईल: "कोणाकडं?" त्या प्रश्नाचं खरं उत्तर तयार ठेवा.

3. तीन वेळापत्रकं जुळवा: बोट, भरती, वार

सगळ्यात जास्त घोटाळे इथे होतात, म्हणून जरा सावकाश वाचा.

वार. सोमवारी लेणी बंद असतात आणि गेटवेवरच्या पर्यटकांच्या लाँच त्या दिवशी सहसा सुटत नाहीत. मी पहिल्याच महिन्यात सोमवारी सकाळी सगळं सामान घेऊन गेटवेला जाऊन उभी राहिले होते. पण गावाला मोकळा वेळ असतो तो याच दिवशी. दुकानं बंद, माणसं घरी, जाळी आणि होड्यांची दुरुस्ती चालू, अंगणात गप्पा. काम खरं सोमवारी होतं. त्यासाठी उरणच्या बाजूने, मोरा किंवा न्हाव्याकडून गावकऱ्यांच्या बोटीने जावं लागतं, आणि ते ओळखीशिवाय, आधी विचारल्याशिवाय जमत नाही. म्हणजे आधी मंगळवार ते रविवारात ओळखी करायच्या, मग सोमवार मागायचा.

इथे एक सापळा आहे. 'मोरा' हे उरणचं बंदर आणि 'मोराबंदर' ही बेटावरची वस्ती. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला लाँच जाते, ती उरणला नेते, बेटावर नाही. फोनवर "मोऱ्याला भेटू" असं कोणी म्हणालं तर कुठलं मोरा ते दोनदा विचारून घ्या.

बोट. परतीच्या शेवटच्या लाँचची वेळ उतरल्या उतरल्या धक्क्यावर विचारायची. ऋतू, गर्दी आणि हवा बघून ती बदलते. पावसाळ्यात लाँच ऐनवेळी रद्द होतात, तेव्हा जून ते सप्टेंबरमध्ये कोणाला तारखेचा शब्द देऊ नका. लाइफ जॅकेट घाला आणि पट्टे बांधा. 18 डिसेंबर 2024 ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या फेरीबोटीवर नौदलाची स्पीड बोट आदळली आणि माणसं गेली. बेटावरचे लोक ती आठवण अजून हळू आवाजात काढतात. तो विषय तुम्ही उकरू नका, ते बोलले तर ऐका.

भरती. ओहोटीला बेटाचा आकारच बदलतो. जिथे सकाळी पाणी होतं तिथे दुपारी चिखलाचं मैदान, तिवरांची उघडी मुळं आणि आडव्या पडलेल्या होड्या. धक्का इतका लांब समुद्रात का नेलाय ते तेव्हा समजतं. त्यावरून धावणाऱ्या छोट्या गाडीतून उतरणारे प्रवासी त्या चिखलाकडे बघतसुद्धा नाहीत, पण बेटाच्या मिळकतीचा एक भाग त्यातून येतो. कालवं, चिंबोऱ्या म्हणजे खेकडे, निवट्या म्हणजे चिखलातले छोटे मासे. बायका ओहोटीचा अंदाज घेऊन निघतात, तुम्हालाही तोच अंदाज यायला हवा.

किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे. पंचांगातल्या तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थी असेल तर 4 गुणिले पाऊण, म्हणजे 3. पूर्ण भरती साधारण तीनच्या सुमाराला, आणि सहा तास मागे-पुढे ओहोटी. अष्टमीला भरती सहाला. अमावास्या-पौर्णिमेला ती बाराच्या आसपास येते, तेव्हा उधाण, पाणी साडेचार मीटरच्या वरही चढतं. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा चढ-उतार कमी. हा फक्त अंदाज आहे. निघायच्या आदल्या दिवशी छापील भरती-ओहोटीचं कोष्टक बघाच. पण तिथी लक्षात ठेवून बोललात तर चिखलात जाणारी मावशी तुमच्याशी वेगळ्या सुरात बोलते, हे मी अनुभवलं आहे.

4. कागदपत्रं

पहिल्या फेरीला काही लागत नाही. काम सुरू करायचं ठरलं की मात्र एवढं हवं:

• ओळखपत्र, मूळ आणि दोन प्रती.

• ग्रामपंचायतीला लेखी अर्ज. मराठीत, एका पानात. कोण आहात, काय करणार, किती महिने, सोबत किती जण, काय सामान, आणि झालेलं काम कुठे दाखवणार. दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या. ही पोच पुढे दहा ठिकाणी उपयोगी पडते.

• लेण्यांच्या परिसरात तिपाई लावून छायाचित्रण किंवा चित्रीकरण करायचं असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मुंबई मंडळाची परवानगी. वेळ लागतो, आधीच अर्ज करा. वही-पेन्सिल घेऊन बसायचं असेल तर तिथल्या कर्मचाऱ्याला विचारून बसा आणि ओले रंग लेण्यांत उघडूच नका.

• ज्यांचं चित्र, आवाज किंवा शब्द वापरणार त्यांची संमती. मुलांच्या बाबतीत आई-वडिलांची.

संमतीच्या छापील इंग्रजी कागदावर सह्या घेऊ नका. मी पाच ओळींचा मराठी मजकूर केला होता, तो जसाच्या तसा देते: "मी माझं चित्र काढायला / आवाज घ्यायला होकार देत आहे. ते आधी मला दाखवलं जाईल. मला नको वाटलं तर ते कुठेही वापरलं जाणार नाही. माझं खरं नाव लिहायचं की नाही ते मी ठरवेन. विक्री झाली तर ठरलेला वाटा मला मिळेल." वाचून दाखवायचं, एक प्रत त्यांच्याकडे ठेवायची. दोघांनी चित्र पाहून नको म्हटलं. ती चित्रं मी त्यांच्याच हाती दिली.

ड्रोन नेऊच नका. आजूबाजूला नौदलाची हद्द आहे, तुर्भ्याला (ट्रॉम्बेला) अणुसंशोधन केंद्र आहे, शेजारच्या जवाहर बेटावर तेलाच्या टाक्या आहेत, समोर न्हावा-शेवा बंदर. टेकडीवरून फोटो काढतानाही या भान ठेवण्याच्या जागा आहेत. हाताने काढलेल्या चित्रात क्रेनची रांग आणि जहाजांचे दिवे कोणालाही न दुखावता येतात.

5. सामान

खारी हवा कागदाची वाट लावते. साधा कागद दोन तासांत मऊ पडतो आणि शाईचे धागे फुटतात. 300 जीएसएमचा, म्हणजे जाड, सुती कागद, लहान आकारात कापून, झाकणाच्या डब्यात. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या. लोखंडी क्लिप नकोत, गंजाचा डाग कागदावर उतरतो. लाकडी चिमटे वापरा. पावसाळ्यात जलरंगाचा एक थर वाळायला इतका वेळ लागतो की त्यात बोट निघून जाते, म्हणून तेव्हा पेन्सिल, कोळसा आणि साधं बॉलपेन. बॉलपेनला कमी लेखू नका. माझी सर्वांत चांगली नऊ चित्रं त्याचीच आहेत.

आवाज घ्यायला फोन पुरतो, पण त्याच्या माइकवर वाऱ्यासाठी स्पंजचं बोंडलं लावा. नाहीतर घरी येऊन फक्त घोंघावणं ऐकायला मिळतं. बाकी टोपी, दोन लिटर पाणी आणि चिखलात चालेल अशी मागे पट्टा असलेली चप्पल.

प्लास्टिकची पिशवी हातात दिसू देऊ नका. माकडं ती ओढून नेतात आणि आत खाऊ आहे की रंगाच्या नळ्या, ते नंतर बघतात. सगळं चेन लावलेल्या पाठपिशवीत.

6. 'बेट' काढू नका, एक काम काढा

बहुतेक जण बेटाचं चित्र काढायला जातात आणि मावळतीचा सूर्य घेऊन येतात. किंवा डोक्यावर हंडे घेतलेल्या बायका. फोटोसाठी तशा उभ्या राहून पैसे घेणाऱ्या बाया तिथे भेटतात, ते त्यांचं काम आहे आणि त्याचे पैसे न कुरकुरता द्यावेत. पण ते चित्र पर्यटकांना हवं म्हणून उभं केलेलं असतं. त्यात तुमचं काहीच नसतं, आणि त्यांचंही फार थोडं.

माझ्या हातून याहून वाईट झालं. बेटावर 2018 च्या फेब्रुवारीत समुद्राखालून सुमारे साडेसात किलोमीटरची केबल टाकून वीज आली. त्याआधी स्वातंत्र्यानंतरची सत्तर वर्षं मुंबईचे दिवे समोर लखलखत असताना इथे संध्याकाळी काही तास जनरेटर चालायचा, मग काळोख. ही गोष्ट माझ्या डोक्यात इतकी भिनली होती की एका आजींना मी कंदील लावून बसायला सांगितलं. त्यांनी माळ्यावरून कंदील काढला, पुसला, आणि मग हातातच धरून म्हणाल्या, "आता घरात दिवा आलाय बाय. तुला आमचा अंधारच काढायचा होता, तर आधी यायचं होतंस." मी पेन्सिल खाली ठेवली. त्या दिवशी आम्ही फक्त चहा प्यायलो. तो कंदील त्यांनी परत माळ्यावर ठेवला आणि मी त्या रिकाम्या खुंटीचं चित्र काढलं, त्यांना विचारून.

तेव्हापासून मी एक नियम पाळला: एका फेरीत एकच काम काढायचं. काम म्हणजे हातांची कृती. कालवं फोडणं. होडीच्या फटींत कापूस ठासणं. दुकानाचं सामान लाँचवरून उतरवून पायऱ्यांनी वर नेणं, कारण तिथे सिमेंटपासून गॅसच्या टाकीपर्यंत सगळं आधी बोटीत, मग धक्क्यावर आणि मग कोणाच्या तरी खांद्यावर येतं. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली गेलं की दोर किती लांब लागतो. धरण आहे, विहिरी आहेत, पण एप्रिल-मेमध्ये कुठल्याही घरी बसा, बोलणं पाण्यावर येतंच.

आणि थांबणं. हे मला सर्वांत उशिरा दिसलं. कॉलेज, कोर्ट, तहसील, मोठा दवाखाना, सगळ्यासाठी खाडी ओलांडायची असते, त्यामुळे धक्क्यावर कायम कोणीतरी बोटीची वाट बघत असतं. पर्यटक वाट बघताना फोन बघतो. गावचा माणूस पाणी बघतो, किती चढलंय, वारा कुठून आहे, येणारी बोट कोणाची. एकाच बाकावर दोन वेगवेगळ्या माना. माझ्या मालिकेतली 11 चित्रं त्या मानांची आहेत.

सापळा इथे असा की आपण हे सगळं 'कष्ट' म्हणून काढायला लागतो. चेहरे सुरकुततात, रंग काळवंडतात. एका बाईंनी माझं चित्र बघून विचारलं होतं, "मी एवढी दमलेली दिसते का गं?" त्या दमलेल्या नव्हत्या. मी त्यांना दमवलं होतं. चित्र पुन्हा काढलं.

7. बेटाचा चिखल रंग म्हणून वापरायचा असेल तर

हा भाग ज्यांना रंग स्वतः करायला आवडतात त्यांच्यासाठी. बाकीच्यांनी पुढे जावं.

चिखल घेताना तिवरांच्या जवळही जाऊ नका. खारफुटीला कायद्याचं संरक्षण आहे आणि मुळांत पाय घातला तरी नुकसान होतं. जिथे होड्या ओढून ठेवतात तिथला, मालकाला विचारून, एक डबाभर पुरतो. ओला असताना तो जवळजवळ काळा दिसतो. त्या काळ्यावर भुलू नका, हवा लागली की तो करडा-तपकिरी होतो.

माझी पहिली सहा चित्रं यातल्या मिठाने खराब झाली. रंग वाळला, आठवड्याने त्यावर पांढरी पूड फुटली. म्हणून आता असं करते: चिखल बादलीभर गोड्या पाण्यात कालवायचा, दिवसभर ठेवायचा, वरचं पाणी ओतून टाकायचं. असं निदान पाच वेळा. मग काळ्या कागदावर एक ठिपका वाळवून बघायचा, पांढरी कड दिसली तर आणखी दोनदा. हे सगळं घरी करा, बेटावरचं गोडं पाणी यासाठी वापरू नका, कोणी दिलं तरी. नंतर जुन्या सुती साडीतून गाळून, वाळवून, खलात बारीक करायचं. बाभळीचा डिंक दुप्पट पाण्यात रात्रभर भिजवून त्यात घोटायचं, मधाचे दोन थेंब आणि बुरशी धरू नये म्हणून लवंगेच्या तेलाचा एक थेंब. वाळल्यावर रंग बराच फिका पडतो, तेव्हा दोन हात द्यावे लागतात.

8. रात्र तुमची नाही, तेव्हा ती मागा

इथपर्यंत आलात की एक गोष्ट टोचायला लागेल. तुमच्या सगळ्या चित्रांत ऊन आहे. शेवटच्या लाँचने तुम्ही निघता आणि बेटाचं दुसरं अर्ध जगणं त्यानंतर सुरू होतं. ते तुम्ही पाहिलेलं नाही आणि आडमार्गाने थांबून बघायचा प्रयत्नही करू नये, तो ज्यांच्या घरी थांबाल त्यांना अडचणीत आणतो. कल्पनेने काढू नका. मी काढली होती, चांदणं आणि डोलणारी होडी. फाडून टाकली.

मग मी तीन कोऱ्या वह्या तीन घरांत दिल्या. एक नववीतल्या मुलीला, एक बोट चालवणाऱ्या तांडेलांना, एक दुकान चालवणाऱ्या मावशींना. सोबत पेन, पेन्सिली आणि रंगखडूंचा डबा. सांगितलं एवढंच: शेवटची लाँच सुटल्यापासून झोपेपर्यंत जे दिसेल, ऐकू येईल, करावं लागेल, ते काढा किंवा लिहा. रोज नको, वाटेल तेव्हा. प्रत्येक वहीचे पैसे आधीच ठरवले आणि आधीच दिले. वही त्यांचीच राहील, मी फक्त पानांच्या प्रती दाखवीन, हेही लिहून दिलं.

चार महिन्यांनी वह्या पाहिल्या. मुलीने बेट काढलंच नव्हतं. पान काळं करून तिने चारी बाजूंचे दिवे काढले होते. एकीकडे मुंबई, एकीकडे बंदराचे पिवळे-केशरी दिवे, उत्तरेला अटल सेतूची सरळ ओळ. सेतू 2024 च्या जानेवारीत सुरू झाला, तेव्हापासून ती ओळ तिच्या खिडकीत आहे. मध्ये कागदाचा एक लहान तुकडा तिने तसाच काळा ठेवला होता आणि त्यावर एक पिवळा ठिपका. तिचं घर.

मावशींना लिहिता येत नव्हतं, नातू लिहायचा. उद्याच्या काकड्या किती, पाणी किती हंडे भरलं, माकडांनी काय नेलं, कोणाची सून माहेरून आली. मध्येच एका पानावर फक्त: "आज पावनी कमी. आज गाव आपला वाटला."

तांडेलांच्या वहीत चित्रं नव्हती. दोराच्या गाठी होत्या, पेनने, एकेक सुटी, अगदी अचूक. आणि त्यांच्या खाली रात्रीच्या फेऱ्यांची नोंद, आजवरच्या, आठवणीतून. "रात्री दोन. बाळंतीण. मोरा. ओहोटी होती, चिखलातून उचलून नेली." "साडेअकरा. छातीत दुखतंय. वारा होता." तारखा नाहीत. भरती होती की ओहोटी, ते मात्र प्रत्येक नोंदीत आहे.

मी 22 फेऱ्यांत जे काढू शकले नाही ते या वह्यांमध्ये होतं. म्हणून माझा आग्रह आहे: ही पायरी शेवटी ठेवू नका. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच वह्या द्या. मी उशीर केला आणि त्यामुळे पावसाळ्याच्या रात्री त्यात आल्याच नाहीत.

9. पहिलं प्रदर्शन बेटावर

मुंबईतली गॅलरी नंतर. आधी बेटावर, सोमवारी, ग्रामपंचायतीला विचारून. मला एका घराची लांब पडवी मिळाली. चित्रं डोळ्यांच्या उंचीवर, मुलांसाठी काही खाली. नावांच्या पाट्या मराठीत, मोठ्या अक्षरांत. बोलावणं घरोघरी जाऊन करा, फक्त मोबाइलवर निरोप टाकून माणसं येत नाहीत, आणि यावीत अशी अपेक्षाही ठेवू नये. मासेमारीचा हंगाम आणि सण बघून दिवस ठरवा. नारळी पौर्णिमेच्या आधीचे दिवस तयारीचे असतात, तेव्हा मधे येऊ नका. जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, घरी माणसं असतात, पण पाऊस. मी मार्च निवडला.

एक पेन्सिल दोरीला बांधून प्रत्येक चित्राशेजारी कोरा कागद लावा आणि चुका सांगायला सांगा. माझ्या 31 चित्रांपैकी 19 वर चुका निघाल्या. होडीचा दोर उलट्या बाजूला बांधलाय. या उधाणाला ही होडी इथे ठेवली तर फुटेल. कालवं फोडायचं हत्यार असं धरत नाहीत, अंगठा जाईल. एकाने फक्त लिहिलं होतं, "हिचं नाव लिवा." मी चित्रं दुरुस्त केली नाहीत. ते कागद चित्रांसोबतच चौकटीत घातले आणि मुंबईत तसेच लावले.

10. पैसे आणि नावं

थोडक्यात. चित्रासाठी बसवलेल्या माणसाला त्याच्या अर्ध्या दिवसाची मजुरी द्या, त्याचं दुकान तेवढा वेळ बंद असतं. बोटीचे पैसे गावकरी नको म्हणाले तरी द्या. विक्रीतला वाटा आधी कागदावर ठरवा. मी चित्रातल्या माणसाला एक तृतीयांश ठेवला, वह्यांच्या प्रतींचे सगळे पैसे वही लिहिणाऱ्याला. ज्यांनी नाव लावायला होकार दिला त्यांचं नाव चित्रकाराइतक्याच मोठ्या अक्षरांत.

आणि एक संच बेटावर कायमचा ठेवा. मी छापील प्रतींचा ठेवला, पडवीतच. पहिल्यांदा लोखंडी खिळ्यांवर चौकटी टांगल्या होत्या. पावसाळा संपल्यावर जाऊन बघितलं तर भिंतीवर गंजाचे ओघळ आणि दोन चौकटी खाली. आता तिथे नायलॉनची दोरी आणि लाकडी चिमटे आहेत. गेल्या फेरीला गेले तेव्हा माझी चार चित्रं काढून बाजूला ठेवली होती आणि त्या जागी त्या मुलीची नवीन पानं लावली होती. या वेळी पावसाची.